शेजारच्या घरातलं माणूस बेपत्ता झालं तर आपण नेमकं काय करायचं

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो, खाली 'कोणाला दिसल्यास कृपया कळवा', आपण हात जोडलेला इमोजी टाकतो, चार ग्रुपना पाठवतो आणि कामाला लागतो. त्या घरात मात्र कोणी जेवलेलं नसतं आणि फोन सतत वाजत असतो, त्यातले निम्मे फोन 'काय झालं नक्की, घरात काही वाद झाला होता का' विचारणारे. आम्ही ठाण्याला कळव्यात राहतो, इथे शेजारीपाजारी अशा वेळी धावून येतात, पण धावून आलेल्या पंधरा जणांपैकी बारा जण नुसते हॉलमध्ये बसून राहतात आणि घरच्यांनाच त्यांना पाणी द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या घराला सहानुभूतीपेक्षा कामं वाटून घेणारी चार माणसं लागतात, आणि ती पहिल्या आठवड्यानंतरही टिकणारी लागतात.

सगळ्यात आधी पोलीस स्टेशन. चोवीस तास थांबावं लागतं हे डोक्यातून काढून टाका, असा कुठलाही नियम नाही. घरच्यांबरोबर शांत डोक्याचा एक माणूस जाऊ दे, कारण आईला किंवा बायकोला त्या क्षणी शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. जाताना अलीकडचा फोटो (लग्नातला मेकअपवाला नको, रोजचा), आधार कार्डाची झेरॉक्स, उंची, अंगावरचे कपडे, चप्पल, तीळ किंवा जखमेची खूण, चालू असलेली औषधं आणि मोबाईल नंबर एका कागदावर लिहून न्या. मिसिंगची नोंद झाली की तिचा नंबर आणि तपासी अंमलदारांचं नाव, मोबाईल लिहून घ्या. हरवलेलं मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर नुसत्या मिसिंगवर थांबायचं नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल करायला सांगायचं, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये याबाबत स्पष्ट आदेश दिलेत. गुन्हा नोंदवताना 'आमची हद्द नाही' असं ऐकायला मिळालं तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो. तातडीला 112, मुलांसाठी 1098, रेल्वेत हरवलं असेल तर 139.

दुसरं काम सीसीटीव्हीचं, आणि ते त्याच दिवशी, कारण डीव्हीआर भरला की जुनं फुटेज पुसलं जातं. सोसायटीचं गेट, कोपऱ्यावरचं मेडिकल, वाण्याचं दुकान, रिक्षा स्टँडसमोरची बँक, जिथे कॅमेरा दिसेल तिथे जाऊन हात जोडून सांगायचं की एवढ्या वाजल्यापासूनचं राखून ठेवा. स्टेशनवरचं आणि बँकेतलं फुटेज आपल्याला सहसा देत नाहीत, तिथे पोलिसांकडूनच पत्र जावं लागतं, त्यासाठी पाठपुरावा करायचा.

ठाण्यात शोधताना एक लक्षात घ्या, इथून वाटा फार फुटतात. वाशी-पनवेलची ट्रान्स हार्बर इथूनच सुटते, मेन लाईनने गेलं तर कल्याणनंतर एक गाडी कसाऱ्याला, दुसरी कर्जत-खोपोलीला. विस्मरण असलेली वयस्कर माणसं बऱ्याचदा जुन्या ओळखीच्या जागेकडे निघतात, म्हणजे वागळे इस्टेटमधली जिथे तीस वर्षं नोकरी केली ती कंपनी (ती केव्हाच बंद झालेली असते), आधीची चाळ, नाहीतर गावची एसटी पकडायला खोपटचा स्टँड. म्हणून घरच्यांना 'कुठे गेले असतील' असं विचारू नका, त्यांना सुचत नाही. 'आधी कुठे राहायचे, कामाला कुठे होते, कुठल्या देवळात जायचे' असं विचारा, मग नावं भराभर बाहेर येतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नवी मुंबईत वाशीचं पालिका हॉस्पिटल, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, लोहमार्ग पोलीस, इथे प्रत्यक्ष फोटो घेऊन जा, फोनवर नाव सांगून उपयोग नाही कारण सापडलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नसेल तर तिथे 'अनोळखी' अशीच नोंद असते. मानसिक आजार असलेली व्यक्ती असेल तर कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनलाही कळवा, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवायचं काम ते करतात, डॉ. भरत वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी मिळाला.

शवागार. याबद्दल कोणी बोलत नाही आणि ऐन वेळी म्हाताऱ्या बापाला एकट्याला जावं लागतं. पोलिसांचा फोन येतो, 'एक बॉडी आहे, बघून जा'. आई-वडिलांना, मुलांना पाठवू नका, चुलतभाऊ, मेहुणा, जुना मित्र असं चेहरा ओळखणारं पण थोडं लांबचं कोणीतरी आधी जावं, आणि त्याच्याबरोबरही एक जण हवा. निघताना घरी खोटं सांगू नये, 'बघून येतो, बाहेर आलो की लगेच फोन करतो' एवढंच सांगायचं आणि तो फोन खरंच पहिल्या मिनिटाला करायचा, कारण घरात त्या वेळी सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेले असतात. तो माणूस 'आपला नव्हता' असं निघालं तरी बघायला गेलेला आतून हललेला असतो, त्यालाही लगेच घरी सोडू नका, चहा पाजा, जरा बसा.

पोस्टर आणि मेसेजवर घरच्यांचा नंबर टाकू नका. वेगळं सिम घ्या आणि फोन एका खमक्या नातेवाईकाकडे द्या. 'तुमचा माणूस आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा' म्हणणारे फोन येतातच, आणि आई असली की ती अंगठीसुद्धा विकायला निघते. ठरवून टाका, व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवल्याशिवाय आणि तपासी अंमलदारांना कळवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 वर फोन करा. हरवलेल्या माणसाचा स्वतःचा नंबर मात्र रिचार्ज करत राहा, सिम ब्लॉक करू नका, कधीतरी तो फोन चालू होऊ शकतो.

एक दोनशे पानी वही घाला. आलेला प्रत्येक फोन, वेळ, कोण काय म्हणालं, पोलीस स्टेशनला कधी गेलो, सगळं त्यात. तपासी अंमलदारांची बदली झाली की नवीन साहेबांसमोर हीच वही कामाला येते, आणि घरच्यांना तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

बोलायचं काय हा प्रश्न सगळ्यांना पडतो. 'येतील हो, काळजी करू नका' म्हणू नका, आणि 'आता मन घट्ट करा' तर अजिबात नको. हरवलेल्या माणसाबद्दल भूतकाळात बोलू नका. ज्योतिषाचा, बाबाचा पत्ता देऊ नका, फार खर्च होतो आणि दर वेळी नवी दिशा सांगितली जाते. त्यापेक्षा 'उद्या संध्याकाळचं जेवण माझ्याकडून', 'मुलांना शाळेत मी सोडते' असं ठरलेलं सांगा. झोप उडालीच असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 आहे, मराठीत बोलता येतं.

महिना उलटला की गर्दी ओसरते आणि खरी अडचण सुरू होते. पगार थांबतो, ईएमआय चालूच असतो, बँक खात्याला हात लावू देत नाही. कोणीतरी कागदपत्रं जाणणारा माणूस बरोबर जाऊन बँकेला, ऑफिसला, शाळेला मिसिंगच्या नोंदीसह लेखी अर्ज देईल असं बघा. एलआयसीचा हप्ता चुकवू देऊ नका, कारण सात वर्षं माणसाचा काहीच पत्ता नसेल तरच कायदा मृत्यू गृहीत धरतो, तोही कोर्टात जाऊन, आणि तोपर्यंत पॉलिसी चालू राहायला हवी. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर पोलीस तक्रारीनंतर सहा महिन्यांनी कुटुंबाला पेन्शनसाठी अर्ज करता येतो. हे सगळं बायकोसमोर मांडताना मात्र जपून, तिला वाटतं आपण सही केली म्हणजे शोध थांबवला. शोध चालूच आहे हे आधी सांगा, मग कागद पुढे करा. गणपती, दिवाळी, त्याचा वाढदिवस या दिवशी आवर्जून जा, थोडा वेळच पण जा.

आणि माणूस सापडलं तर घरी झुंड घेऊन जाऊ नका, सेल्फी तर नकोच. सज्ञान माणूस स्वतःहून गेला असेल आणि त्याला परतायचं नसेल तर पोलीस तो सुखरूप आहे एवढंच घरच्यांना सांगतात, पत्ता देतीलच असं नाही, तेव्हा घरच्यांना आपली गरज आधीपेक्षा जास्त असते. बाकी सापडल्यावर दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन नोंद बंद करायची, पोस्टर काढायची आणि ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकला होता तिथे 'सापडले, कृपया पुढे पाठवू नका' असं लिहून जुने मेसेज डिलीट करायचे.