सोलापुरात नवीन आलात? मग फेब्रुवारी ते एप्रिल घरात बसू नका

मी मूळची चिपळूणची. २०११ च्या जानेवारीत नवऱ्याच्या बदलीमुळे सोलापुरात आले, तीन वर्षं काढायची आणि परत जायचं असं ठरलेलं, पोरगी तेव्हा चार वर्षांची होती ती आता कॉलेजात गेली आणि आम्ही अजून इथंच, जुळे सोलापुरात. आमच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी एखादं तरी बदलीवालं कुटुंब येतं आणि सामान लागलं की पहिल्या रविवारी वहिनी विचारतात, "इथं पोरांना घेऊन जायला काय आहे हो?" पुण्या-मुंबईकडून आलेल्यांच्या चेहऱ्यावर तर उत्तर आधीच लिहिलेलं असतं की काही नसणार. माझ्याही होतं. म्हणून हे एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पाणी. हसू नका, फिरण्याचाच विषय आहे हा. इथं नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस सोडून येतं आणि भागाभागाचा दिवस वेगळा, त्यात वेळ पण सरकते. त्यामुळे "रविवारी जायचं का?" या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडर बघून देता येत नाही, शेजारच्या अक्कांना विचारून द्यावं लागतं. मी नवीन असताना पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला डबे भरून निघाले होते, संध्याकाळी आलो तर टाकी कोरडी, चौघांचे धुळीने भरलेले पाय आणि एक बादली पाणी. तेव्हापासून आमच्याकडे ट्रीप ठरते ती पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

दुसरं म्हणजे ऊन. इथं वसंत म्हणजे गारवा, फुलं वगैरे डोक्यातून काढा. जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य एवढाच काळ दिवसभर बाहेर राहता येतं, मग सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहाच्या नंतर असे दोन तुकडे उरतात, आणि एप्रिल सरता सरता पारा बेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कोकणात घामाने जीव जायचा, इथं घाम दिसतच नाही, वाळून जातो, आणि म्हणूनच पोरांना ऊन लागलेलं कळत नाही. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही शहाण्यासारखे सकाळी अकराला नळदुर्गला निघालो, पाण्याची बाटली एक, टोपी पोरीची एकटीची. किल्ल्यात तिच्या नाकातून रक्त आलं. सावलीत झोपवलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, तिथल्या एका आज्जीने कांदा फोडून हुंगायला दिला, अर्ध्या तासाने पोरगी कुल्फी मागायला लागली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आता गाडीत पाच लिटरचा कॅन आणि चार टॉवेल कायम असतात, टॉवेलच्या गावात राहून टॉवेल न नेणं म्हणजे काय बोलणार.

गावातल्या गावात सुरुवात करायची तर सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलाव. तलावाच्या मधोमध देऊळ, बाजूला भुईकोट किल्ला, आणि त्या वेळेला पाण्यावरून येणारा वारा खरंच गार असतो. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि हा तलाव त्यांनीच लोकांना बरोबर घेऊन खणला असं इथली माणसं सांगतात. जानेवारीत संक्रांतीला त्यांची यात्रा असते, तिला गड्डा म्हणायचं, सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर पाळणे लागतात. तुम्ही फेब्रुवारीत आला असाल तर चुकली, पुढच्या वर्षी बघा, त्यावर वेगळं लिहावं लागेल. किल्ल्यात पोरं मनसोक्त पळतात, दुहेरी तटबंदी आहे, बुरुजावर चढू नका म्हणून ओरडायची तयारी ठेवा. दहा वाजले की बाहेर पडायचं, इडली-वडा खायचा, घरी.

दुपारी पोरं चिडली तर केगावचं सायन्स सेंटर आहे, विद्यापीठाच्या बाजूला, सावलीत वेळ जातो. आणि भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथलेच जन्मलेले, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं, लाज वाटली.

फेब्रुवारीत कुणी हुरड्याला बोलवलं तर दुसरी सगळी कामं सोडून जा. ज्वारीचा हा भाग, मंगळवेढ्याची मालदांडी तर नावाजलेली. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात, गरम गरम हातावर चोळून दाणे काढतात, सोबत शेंगाचटणी, दही, गूळ, वर ऊस आणि बोरं. हुरडा पार्टीचे पैसे घेणारी शेतंही आहेत आता, झोपाळे-बिपाळे असतात, वाईट नाहीत, पण ऑफिसातल्या कुणाच्या तरी रानात जाण्यात जी मजा आहे ती तिथं नाही. आणि निमंत्रण "या की एकदा रानात" असं उडतं असतं, ते खरंच असतं, आपण कोकणी-पुणेरी लोक त्याला औपचारिक समजून सोडून देतो. फक्त लगेच जा, फेब्रुवारीच्या मध्यानंतर दाणा टणक होतो. त्याच दिवसांत ज्वारीच्या रानावर भोरड्यांचे थवे येतात, संध्याकाळी हजारोंनी एकदम वळतात, आमची पोरगी त्याला आकाशातली चादर म्हणायची.

डब्याचं पण सांगते. चिप्सची पाकिटं नेऊ नका, कडक भाकरी न्या. पापडासारखी कुरकुरीत, दिवसचे दिवस टिकते, दह्यात शेंगाचटणी कालवायची आणि मोडून मोडून खायची. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या भाकरी करपलीय का गं. आता चिपळूणला जाताना दोन पुडे आठवणीने मागून घेतात.

घरात वयस्कर माणसं असतील तर पंढरपूर होणारच, पंचाहत्तरेक किलोमीटर आहे. पण आषाढीच्या गर्दीत नेण्यापेक्षा वसंतपंचमी ते रंगपंचमी या दिवसांत न्या. वसंतपंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लावतात आणि तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत विठोबाला पांढरा पोशाख असतो, त्यावर रंगाची उधळण. पाडव्यापासून मग चंदनउटीची पूजा सुरू होते, देवालासुद्धा सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा लागतो ना. अक्कलकोट जवळ आहे, चाळीसेक किलोमीटर, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वामींचा प्रकट दिन असतो, त्या दिवशी लहान मूल घेऊन जाऊ नका, एवढंच. एरवी मधल्या वारी सकाळी जा, अन्नछत्रात जेवून दुपारपर्यंत परत.

आता रंग. मुंबईकडून आलेले धुळवडीला पांढरे कपडे घालून गॅलरीत उभे राहतात आणि खाली तसं काही विशेष नसतं, मग हिरमुसतात. इथं खरी मजा पाच दिवसांनी, रंगपंचमीला. लोधी समाजाचे रंगगाडे निघतात, बैलगाड्यांवर रंगाची पिंपं आणि वरून रस्त्यावरच्या लोकांवर मारा. लांबून बघायचं म्हणून उभं राहिलात तरी भिजणार, तक्रार करायची नाही. पाण्याचा दिवस मात्र रंगपंचमीच्या आधी येतोय का नंतर ते बघून ठेवा!

पाडव्याला गावाला जायची घाई करू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा एका गल्लीत ऐकू येतात, आणि पाडव्याच्या सकाळी त्याचा फायदा होतो. आपण गुढी उभी करून कडुलिंबाची पानं गुळाबरोबर खातो. समोरच्या पद्मशाली घरात उगादी असते, त्यांचे पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी इथं आलेले, त्यांच्याकडे पच्चडी करतात, कडुलिंबाचा मोहोर, नवी चिंच, गूळ, कैरी, तिखट, मीठ, सहाही चवी एका वाटीत. खालच्या मजल्यावर कन्नड घर, तिथं बेवू-बेल्ला, म्हणजे कडुलिंब आणि गूळ. पहिल्या वर्षी मी पच्चडीची वाटी हातात घेऊन तोंड वाकडं केलं तेव्हा शेजारच्या मामी म्हणाल्या, "सगळं मिळून घोट घ्या ओ, निवडून खायचं नसतं हे." मी घेतला. आता नवीन आलेल्यांना मी त्यांच्याकडे घेऊन जाते, आधी काही सांगत नाही. आणि हो, कुणी तुम्हाला "काय बे" म्हणालं तर चिडू नका, इथं ते भांडण नाही, जवळीक आहे. मोठ्या माणसाला मात्र आपण "बे" म्हणायचं नाही.

गावाबाहेर जायचं तर माझ्या मते पहिला नंबर हत्तरसंग कुडल. लोक नळदुर्ग नाहीतर थेट विजापूर गाठतात, गोलघुमटात ओरडून येतात, ते पण चांगलंच आहे, पण कुडल घराजवळ आहे आणि तिथं शांतता आहे. भीमा आणि सीनेचा संगम, काठावर जुनी देवळं, आणि तिथल्या एका शिवलिंगावर तीनशे एकोणसाठ मुखं कोरलेली आहेत. पोरांना मोजायला बसवा, तुम्हाला अर्धा तास निवांत मिळतो. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, आणि मजकूर काय तर जो हे वाचेल तो विजयी होईल. माझी पोरगी दहावीच्या परीक्षेआधी हट्टाने जाऊन वाचून आली, गणितात काही विशेष फरक पडला नाही. नदीत पोरांना एकटं सोडू नका, काठावर गाळ असतो.

नळदुर्ग बघा, पण माझ्यासारखं अकराला नको, सातला पोचा. धबधबे पावसाळ्याचे, आता कोरडे, त्यामुळे फोटोत बघून गेलात तर फसाल. पण बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात जो पाणीमहाल आहे तिथं उन्हाळ्यातसुद्धा अंग गार होतं. उपळी बुरूज चढायचा तर आधी तो, मग पाणीमहाल, उलटं केलंत की पोरं वर यायलाच तयार होत नाहीत.

नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शीच्या वाटेवर. १९७९ चं आहे, नाव माळढोक पक्ष्याचं असलं तरी तो दिसेल ही आशा ठेवून जाऊ नका, आम्हाला इतक्या वर्षांत नाही दिसला. काळवीट मात्र हमखास, पिवळ्या गवतातून उड्या मारत गेलेले दिसतात तेव्हा गाडीत एकदम गप्प होतात सगळे. वनखात्याकडे आधी चौकशी करून जा, भडक कपडे नकोत, स्पीकर तर नकोच.

एप्रिलच्या मध्यापासून गाव संध्याकाळी जागं होतं. १४ एप्रिलच्या आसपास बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुका असतात, मोठा जल्लोष, रोषणाई, देखावे, मध्य शहरात गाडी नेलीत तर अडकलात, लांब लावून चालत जा, पोरांच्या कानात कापूस घाला. अक्षय्य तृतीयेला बसव जयंती, कोंतम चौकाकडे गर्दी. रमजान ज्या वर्षी या दिवसांत येतो त्या वर्षी विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत चालू, बांगड्या, शेवया, अत्तर, आणि कबाबाचा वास तुम्हाला ओढून नेतोच. त्यानंतर लांबच्या ट्रिपा बंद, आम्ही तरी करतो बंद, गच्चीवर पाणी मारायचं, चादरी टाकायच्या आणि रात्री तिथंच झोपायचं.

आणि कुठेही निघालात तरी कुलूप लावण्याआधी पाण्याची मोटार बंद केलीय का ते बघा. आमची एकदा कुडलला जाताना चालू राहिली होती, आलो तेव्हा जिना धुतलेला आणि खालच्या अक्का दारात उभ्या.