ठशांचे शुभेच्छापत्र आणि आत गोडाची कृती : गोव्याच्या हवेत या चुका टाळा

चवथीला (गणेश चतुर्थीला) किंवा नाताळात शेजारी घरचे गोड पाठवताना डब्यावर हाताने ठसे मारून केलेले कार्ड असावे आणि कार्डाच्या आत त्याच गोडाची कृती लिहिलेली असावी. गोड दोन दिवसांत संपते, कार्ड मात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर टिकते. म्हणूनच ते नीट व्हायला हवे. आपल्याकडे ते बिघडते ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. कधी कागदाने हवेतला ओलावा ओढलेला असतो, कधी नारळाच्या सारणात पाणी राहिलेले असते, तर कधी उघड्या पुड्यातले बिस्किट मऊ पडलेले असते. डिसेंबरात सरळ जमणारी तीच रीत भाद्रपदात फसते, याचे कारण बहुतेकदा हेच.

कागद घेताना आणि ठेवताना

झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) असतो. त्यावर ठसा मारला की शाई मागे उमटते आणि घडी घातलेले कार्ड उभे राहत नाही. कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमचा, गुळगुळीत पण चकाकी नसलेला कागद घ्यावा. दुकानात आयव्हरी शीट मागितले की साधारण असा कागद मिळतो. चकचकीत आर्ट पेपरवर पाण्याची शाई वाळत नाही, बोट लागले की पसरते. उलट खरबरीत हँडमेड कागद दिसायला सुंदर, पण त्यावर बारीक रेघेचा ठसा तुटक येतो. त्यावर मोठी, भरीव नक्षीच मारा.

जून ते सप्टेंबर कागद कपाटात उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवा ठेवा. रंग बदलणारी सिलिका जेल असेल तर रंग बदलला म्हणजे ती ओलावा पिऊन भरली. कागद उभा ठेवला की दमट हवेत वाकतो आणि मग ठसा मध्ये गडद, कडेला फिका येतो. वाकलेला कागद दोन जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवल्यावर बराच सरळ होतो, पण बुरशीचे तपकिरी ठिपके पडलेला कागद वाचवायच्या भानगडीत पडू नये. ते ठिपके वाढत जातात आणि शेजारच्या कागदालाही लागतात.

घडी फाटते, कारण दिशा चुकते

प्रत्येक कागदाला तंतूंची एक दिशा असते. कागद न दुमडता आधी लांबीने आणि मग रुंदीने हलकाच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वळतो, घडी त्याच दिशेने घाला. आडव्या तंतूंवर घडी घातली की कडेवर पांढऱ्या भेगा दिसतात. घडीआधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढा. उठाव आलेली बाजू घडीच्या आत राहील अशी दुमडा. एफोर आकाराच्या कागदाचे मधोमध दोन तुकडे केले की २१० × १४८ मिमीचा तुकडा मिळतो. तो दुमडल्यावर १०५ × १४८ मिमीचे कार्ड होते आणि ते ११४ × १६२ मिमीच्या पाकिटात नीट बसते. आधी कार्ड करून मग पाकीट शोधायला निघालात तर मापाचे पाकीट मिळेलच असे नाही.

स्टॅम्प कोरताना

घरी स्टॅम्प करायला मोठे खोडरबर किंवा लिनोचा (कोरायच्या रबरासारख्या पत्र्याचा) मऊ तुकडा आणि व्ही टोकाची छिन्नी पुरते. नक्षी निवडताना हात आखडता घ्या. माटोळीतली (चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या आराशीतली) सुपारी, नारळ, आंब्याची डहाळी, नेवरीची (करंजीची) मुरडलेली कड असे आकार खोडरबरावर उत्तम येतात. देवळांच्या भिंतींवरच्या कावी कलेतून कल्पना घेतली तर आणखी सोपे, कारण तिथे पांढऱ्यावर तांबडा एकच रंग आणि ठळक कडा असतात. एकरंगी ठशाला नेमके हेच लागते.

खरी गफलत होते ती अक्षरांत. स्टॅम्पवर अक्षर उलटे हवे, तरच कागदावर सुलटे येते. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द सरळ लिहा, तो कागद रबरावर पालथा ठेवा आणि मागून नखाने घासा. शब्द आपोआप उलटा उतरतो. इथवर सगळे करतात. पुढे कोरताना मात्र रबरावरची पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते, मात्रा विरुद्ध बाजूला झुकलेली वाटते आणि हात नकळत तिला ‘सुधारतो’. मग कागदावर ‘दिवाळी’ची ‘दीवाळि’ होते. त्यामुळे कोरताना शब्द वाचायचाच नाही, फक्त रेघेचा माग काढायचा. मधूनमधून रबर आरशासमोर धरा, चूक लगेच दिसते.

‘शुभेच्छा’ हा शब्द घरी कोरू नका. ‘च्छ’मधल्या पोकळ्या इतक्या चिमुकल्या असतात की अक्षराची उंची दीड सेंटिमीटरपेक्षा कमी झाली की त्यांत शाई भरून काळा गोळाच उठतो. तो शब्द हाताने लिहा किंवा रबर स्टॅम्प करणाऱ्याकडून करून घ्या. घरी कोरायचाच झाला तर ‘चवथ’, ‘नाताळ’, ‘दिवाळी’ असा कमी जोडाक्षरांचा शब्द घ्या. कोणतीही रेघ एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका आणि छिन्नी रेघेपासून बाहेर कलती धरा. उतार बाहेरच्या बाजूला राहिला तर रेघेला खाली आधार मिळतो. छिन्नी आत कलली तर अनुस्वार आणि रफार दोन-चार ठशांतच तुटून पडतात.

मुलांबरोबर भेंडी किंवा बटाट्याचे ठसे करताना कापलेला भाग जुन्या सुती कापडाने कोरडा टिपा आणि अर्धा तास पालथा ठेवा. नाहीतर आतले पाणी रंगात मिसळते आणि ठसा डागासारखा दिसतो. यासाठी शाईचा पॅड वापरू नये. पातळ स्पंजावर पोस्टर कलर पसरून घ्यावा. रंगात बुडवलेला बटाटा भाजीत घालायचा नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.

शाई आणि दाब

कार्यालयातला जांभळा पॅड कार्डाला चालत नाही. त्याची शाई कागदात पसरते आणि उन्हात फिकी पडते. कार्डाला दोन प्रकारची शाई लागते. डाय शाई पटकन वाळते, पण पाणी लागले की पसरते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, रंग गडद राहतो, पण वाळायला वेळ घेते. पावसाळ्यात पिगमेंट शाईचा ठसा रात्रभर पंख्याखाली ठेवल्याशिवाय कार्डे एकावर एक रचू नका. वाळले का हे पाहायला तोच ठसा एका उरलेल्या तुकड्यावर मारून ठेवा आणि बोट त्या तुकड्यावर फिरवा, कार्डावर नको.

स्टॅम्प पॅडवर दाबू नका. स्टॅम्प वर तोंड करून धरा आणि पॅडने त्यावर हलके थोपटा. म्हणजे शाई फक्त उंच भागावर लागते, खाचेत जात नाही. ठसा मारताना डावी-उजवीकडे झुलवायची सवय बहुतेकांना असते, त्यानेच कडेच्या फालतू रेघा उठतात. खाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या किंवा माऊसपॅड ठेवा, सरळ दाबा, तीनपर्यंत मोजा, सरळ उचला.

विकतच्या नव्या स्टॅम्पचे पहिले ठसे फुटके येतात, कारण साच्यातला तेलकट थर अजून त्यावर असतो. पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलका घासला की जातो. पारदर्शक स्टॅम्प ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावरून सुटून पडत असेल तर दोन्ही साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, चिकटपणा परत येतो. हे स्टॅम्प खिडकीत उन्हात ठेवले तर पिवळे पडतात आणि चिवट होतात.

सोनेरी उठावाची पावडर सगळीकडे चिकटते

एम्बॉसिंग पावडर ओल्या शाईवर टाकून वितळवली की उठावदार सोनेरी ठसा मिळतो. गोव्यात पावसाळ्यात ती ठशाबरोबर उरलेल्या कागदालाही चिकटते, कारण कागद दमट असतो. उपाय सोपा आहे. ठसा मारण्याआधी हीट गनने (कडक गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, पावडरही त्यानेच वितळवतात) कागद आठ-दहा सेकंद गरम करा, थंड होऊ द्या आणि मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेले कॉर्नफ्लॉवर त्यावर हलके फिरवा. पुरचुंडी जास्त घासली तर मात्र सोनेरी रंग धुरकट दिसतो. शाई पिगमेंटची किंवा एम्बॉसिंगचीच हवी, डाय शाई पावडर टाकेपर्यंत वाळून जाते. केस वाळवायचे यंत्र चालत नाही. ते पावडर उडवते आणि तेवढे तापतही नाही. पावडर चमकली की लगेच पुढे सरका. जास्त तापवली तर ती कागदात मुरते आणि तेलकट डाग उरतो.

आत कृती लिहिताना

‘एक वाटी’, ‘अंदाजाने’, ‘घट्ट होईपर्यंत’ हे शब्द घरच्यांना कळतात, कार्ड घेणाऱ्याला नाही. वाटी किती मिलीची ते लिहा. ‘एक नारळ’ लिहू नका, नारळ लहान-मोठा असतो, खवलेल्या चवाचे वजन लिहा. ज्यावरून झाले हे कळते ती खूण लिहा. वड्या किती होतील आणि किती दिवस टिकतील हेही हवेच. कार्डाच्या आत हाताने लिहायला आठ-दहा ओळींची जागा असते, त्यात मावेल अशीच कृती निवडा. बिबिंकची (थरांच्या गोवेकरी केकची) कृती कार्डात कोंबू नका, थरांची वेळ न सांगता ती अर्धवटच राहते.

नारळाची वडी कार्डाला अगदी योग्य. २५० ग्रॅम खवलेला नारळ, २५० ग्रॅम साखर, ६० मिली दूध, एक चमचा तूप, पाव चमचा वेलची. नारळाच्या करवंटीलगतचा तपकिरी भाग खवू नये, वडी मळकट दिसते. जाड बुडाच्या कढईत मध्यम-मंद आचेवर सतत ढवळत १५ ते २० मिनिटे लागतात. मिश्रण कढई सोडून गोळा होऊ लागले की वाटाण्याएवढे थंड ताटलीवर ठेवा. मिनिटाभराने बोटांत गोळी वळली आणि चिकटली नाही तर झाले. तूप लावलेल्या १८ सेंमीच्या ताटात थापा, दहा मिनिटांनी कोमट असताना कापा. साधारण वीस वड्या होतात.

वडी बसलीच नाही तर पाणी राहिले आहे. मिश्रण परत कढईत घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटे आटवा. भुगा झाला तर जास्त आटले आहे. दोन-तीन चमचे दूध घालून गोळा होईपर्यंत परतून पुन्हा थापा. चवथीच्या हवेत ओल्या नारळाची वडी दोन दिवस बाहेर राहते, पुढे फ्रिजमध्ये. हे कार्डावर लिहायला विसरू नका.

मणगण्यात (चणाडाळीच्या गोवेकरी खिरीत) दोनच चुका होतात, पण दोन्ही जिव्हारी लागतात. १५० मिलीची एक वाटी चणाडाळ तीन तास भिजवून मऊ पण अख्खी शिजवा. भिजवलेला साबुदाणा दोन मोठे चमचे आणि नारळाचा पातळ रस ४०० मिली घालून साबुदाणा पारदर्शक होईतो उकळा, मग १५० ग्रॅम गूळ. डाळ शिजायच्या आत गूळ पडला तर ती पुढे कितीही उकळली तरी दडदडीत राहते. शेवटी घट्ट रस २०० मिली, चिमूटभर मीठ आणि वेलची घालायची, आणि कडेला पहिले बुडबुडे दिसताच आच बंद करायची. घट्ट रस खळखळून उकळला की फाटतो, मग तो पूर्ववत होत नाही.

सेरादुरा (क्रीम आणि बिस्किटाच्या भुग्याचे थरांचे गोड) सोपे वाटते म्हणून सगळे कार्डात लिहितात आणि ‘फ्रेश क्रीम’ लिहून मोकळे होतात. साध्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, ते फेटून उभे राहत नाही. ३५ टक्क्यांचे व्हिपिंग क्रीम २०० मिली हवे. भांडे आणि फेटणी वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवा, आपल्या स्वयंपाकघराच्या उष्णतेत क्रीम लवकर फुटते. मऊ शेंडे येऊ लागले की १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क हलक्या हाताने मिसळा. क्रीम आधीच गोड असेल तर निम्मेच घाला. क्रीम रवाळ दिसू लागले तर थांबा आणि न फेटलेले दोन चमचे क्रीम मिसळा, बऱ्याचदा सावरते. मारी बिस्किटे पंधरा. ती मंद आचेवर कोरडी दोन-तीन मिनिटे परतून गार झाल्यावरच बारीक करा. सादळलेल्या बिस्किटांचा भुगा होत नाही, लगदा होतो. ग्लासात थर देऊन चार तास फ्रिजमध्ये. हे गोड डब्यात घालून पाठवण्यातले नाही, त्यामुळे त्याचे कार्ड वडीच्या डब्यासोबतच द्या.

कार्ड आणि डबा एकत्र देताना

तुपाचा हात कार्डाला लागला की तिथे शाई धरत नाही, म्हणून कार्डे आधी पूर्ण करा आणि मगच कढई चढवा. ठसे मारलेला कागद वडीखाली घालू नका, ही शाई खाण्याची नाही. वर्तमानपत्रही नको. अन्न गुंडाळायला ते वापरण्यास २०१८च्या अन्न सुरक्षा पॅकेजिंग नियमांत मनाई आहे. वडीखाली बटर पेपर, कार्ड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत डब्याच्या बाहेर. सिलिका जेलची पुडी कागदाच्या डब्यासाठीच ठेवा, गोडाच्या डब्यात टाकू नका.

टपालाने पाठवायचे असेल तर २५० जीएसएमचे हे कार्ड सुमारे आठ ग्रॅम भरते, पाकीट धरून १२-१३ ग्रॅम. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. मणी आणि रिबिनी लावल्या की तो ओलांडतो, तेव्हा तिकीट लावण्याआधी वजन करा. गोंद लावलेली पाकिटे पावसाळ्यात हवेनेच बंद होतात, विकत आणल्या दिवशीच प्रत्येकाच्या झाकणाखाली बटर पेपरची पट्टी सरकवून ठेवा.