स्टील गिटारच्या संमेलनात वाद्य कसे पारखावे

पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर आडवी उभी असलेली, तारांवर स्टीलचा बार सरकवून आणि पेडलांनी व गुडघ्याच्या दांड्यांनी तारांचे स्वर बदलत वाजवायची गिटार, दुकानात जाऊन वाजवून पाहण्याची सोय अमेरिकेतही फारशी नाही. हे वाद्य बनवणारे कारागीर मोजके आहेत, त्यांची बहुतेक वाद्ये मागणी नोंदवल्यावर तयार होतात आणि गावातल्या वाद्यांच्या दुकानात एखादे दिसलेच, तर त्याची घडी नीट बसवणारा माणूस तिथे असेलच असे नाही. म्हणूनच संमेलनांना महत्त्व आहे. सेंट लुईस येथे डी विट स्कॉट यांनी सुरू केलेले संमेलन अनेक दशके लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुट्टीत भरत असे. टेक्सासमध्ये डॅलसच्या परिसरात मार्च महिन्यात भरणारी जम्बोरी (स्टील वादकांचा मेळावा) त्याच परंपरेतली आहे. एखाद्या हॉटेलच्या मोठ्या दालनात व्यासपीठावर एकामागून एक वादक वाजवत असतात आणि दालनाच्या कडेने किंवा शेजारच्या खोल्यांमध्ये कारागिरांची आणि विक्रेत्यांची टेबले मांडलेली असतात. म्युलन, एमएसए, विल्यम्स यांसारख्या नावांच्या नव्या वाद्यांबरोबर जुनी शो-बड किंवा एमन्सही एका दिवसात हाताखालून जाऊ शकतात. आपल्याकडे हवाईयन गिटार शिकलेले आणि आता अमेरिकेत राहणारे मराठी वादक या वाद्याकडे ओढले जातात ते स्वाभाविकच आहे, कारण स्टीलचा बार आणि बोटांवरच्या नख्या त्यांच्या हातात आधीपासूनच असतात. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचे सामान घेऊन जावे. अंगठ्याची आणि बोटांची नखी, रोजच्या वापरातला बार, एक चांगली केबल आणि वाद्याला चिमट्यासारखा लावता येणारा ट्यूनर एवढे पुरे आहे. फोनमधला ट्यूनर अशा दालनात निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्या मायक्रोफोनमध्ये शेजारच्या टेबलावरचे वादनही शिरते. चिमट्याचा ट्यूनर मात्र लाकडातले कंपन पकडतो, त्यामुळे गोंगाटातही त्याचा काटा स्थिर राहतो. बार स्वतःचाच असावा असा आग्रह मी धरतो. दहा तारांच्या पेडल स्टीलसाठी साधारण ७/८ इंच व्यासाचा, गोल टोकाचा बार वापरतात. हवाईयन गिटारसाठी वापरला जाणारा लहान बार इथे दहा तारांवर पोचत नाही आणि मग दोष वाद्याचा की बारचा हे कळेनासे होते. पातळ तळाचे बूट घालावेत, म्हणजे पायाखालची पेडल्स वेगवेगळी जाणवतात. पट्ट्याचे मोठे बक्कल, जाकिटाची चेन, अंगठ्या आणि घड्याळ बसण्यापूर्वी उतरवून ठेवावे. वाद्याची वादकाकडची पट्टी त्याच्या पोटाच्या अगदी जवळ येते आणि तिच्यावरचा चकचकीत लेप एका ओरखड्याने कायमचा खराब होतो.

टेबलापाशी गेल्यावर विचारल्याशिवाय बसू नये. मांडलेले वाद्य कधी कधी आधीच विकले गेलेले असते आणि केवळ मालकाच्या परवानगीने दाखवायला ठेवलेले असते. व्यासपीठावर कोणी वाजवत असेल, तर हेडफोन मागावा किंवा थांबावे. त्या वादकाचे चाहते दूरदूरहून आलेले असतात आणि त्यांच्या ऐकण्यात आपल्या चाचणीचा व्यत्यय येणे हा अपमानच होय. मागे कोणी ताटकळत असेल तर दहा-बारा मिनिटांत जागा सोडावी आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा यावे. एकच वाद्य दोनदा, दोन वेगळ्या वेळी वाजवून पाहणे हे सलग तासभर वाजवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

बसण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा: या वाद्यावर कोणते पेडल कोणती तार किती बदलते? ई-नाइन्थ मेळ (तारा जुळवण्याची एक पद्धत) आज सर्वाधिक प्रचलित असला, तरी त्यातही पेडलांची मांडणी सारखी नसते. पेडलांना ए, बी, सी अशी नावे आहेत. एमन्स मांडणीत ए पेडल डावीकडे असते आणि डे मांडणीत हा क्रम उलटा असतो. गुडघ्याने ढकलायच्या दांड्यांची जागा तर प्रत्येक कारागिराकडे, किंबहुना प्रत्येक गिऱ्हाइकागणिक, बदलते. मांडणीचा छापील तक्ता बहुतेकांकडे असतो. तो मागून घ्यावा, समोर ठेवावा आणि त्याचा फोटोही काढून घ्यावा. परक्या मांडणीवर पाय चुकत असताना वाद्य जड किंवा विचित्र वाटते, आणि तो दोष वाद्याच्या माथी मारला जातो.

आता मुख्य मुद्दा. अशा दालनात कानावर सर्वात शेवटी विश्वास ठेवावा आणि शरीरावर सर्वात आधी. छत उंच असते, गालिचे जाड असतात, चहूकडे इतर वाद्ये वाजत असतात आणि विक्रेत्याच्या अॅम्पवर रिव्हर्ब भरपूर ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे जवळजवळ प्रत्येक स्टील गिटार गोड लागते. पेडल स्टील हे मुळात एक यंत्र आहे आणि ते दोन्ही पाय, दोन्ही गुडघे व दोन्ही हात यांनी चालवायचे असते. त्या यंत्राचे आणि आपल्या देहाचे जमते की नाही, हे तिथल्या गोंगाटातही बिनचूक कळते.

म्हणून बसल्याबरोबर तारा छेडू नयेत. डावा पाय पेडलांवर आणि उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर ठेवावा व दोन्ही गुडघे नैसर्गिक स्थितीत असताना दांड्यांपासून किती अंतरावर आहेत ते पाहावे. मांडी वरच्या यंत्रणेला घासत असेल, किंवा दांडी हलवण्यासाठी अख्खा पाय उचलावा लागत असेल, तर उंची चुकीची आहे. अशा वेळी आधी आसनाची उंची बदलून पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तर वाद्याचे पाय आणि पेडलांच्या उभ्या सळया लांब करून मिळतील का, हे कारागिराला विचारावे. उंच माणसांसाठी हा बदल नेहमीच केला जातो, त्यामुळे विचारण्यात संकोच नसावा. मात्र ज्या वाद्यावर पाच मिनिटांत घोटा किंवा नितंब दुखू लागतो, ते कितीही सुरेल असले तरी घरी आणल्यावर त्यावर रियाझ होणार नाही.

यानंतर यंत्रणा तपासावी. ई-नाइन्थच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तारेवर जी शार्प, ई आणि बी हे स्वर असतात. ए आणि बी ही पेडल्स एकत्र दाबली की पाचवी तार सी शार्पवर आणि तिसरी ए वर जाते. चौथी मात्र जागची हलत नाही, आणि ई मेजरचा ए मेजर होतो. हा बदल अतिशय सावकाश करून पाहावा. १९५४ साली गाजलेल्या एका गाण्यात स्टील वादक बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर सरकताना ऐकवला, आणि तेव्हापासून तो सरकता स्वर हीच या वाद्याची ओळख झाली. मींडेवर पोसलेल्या कानाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. त्यामुळे पेडल अर्ध्यावर धरता येते का, दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागतो का, टोकाला पोचताना खट् असा आवाज येतो का, हे बारकाईने पाहावे. पाऊल ए वरून बी वर कलंडवताना घोट्याला ताण पडता कामा नये.

आता ट्यूनर लावून चौथी तार मोकळी छेडावी आणि ती वाजत असताना ए आणि बी पेडल्स दाबावीत. चौथ्या तारेला या पेडलांनी स्पर्शही होत नाही, तरी ट्यूनरचा काटा किंचित खाली उतरलेला दिसेल, कारण दुसऱ्या तारांचा वाढलेला ताण अख्ख्या सांगाड्याला थोडा वाकवतो. ही उतरंड २-३ सेंटांची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असेल तर वाद्य उत्तम बांधलेले आहे असे मी समजतो. ती ५-६ सेंटांच्या पुढे गेली, तर संथ चालीच्या सुरावटीत ती कानाला खुपू लागते. जुन्या वाद्यांत ती अधिक आढळते आणि अनेक थोर वादकांनी तिच्यासह आयुष्यभर वाजवले आहे, तेव्हा जुन्या वाद्याला तेवढ्यावरून नाकारू नये, पण किंमत ठरवताना ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

दुसरी चाचणी परतीची. हीच चौथी तार एका दांडीने एफ पर्यंत चढवावी, दांडी सोडावी आणि काटा पाहावा. मग दुसऱ्या दांडीने ती डी शार्पपर्यंत उतरवावी, सोडावी आणि पुन्हा काटा पाहावा. दोन्ही वेळा तार एकाच ठिकाणी परत आली पाहिजे. फरक पडत असेल तर कधी नुसते तेलपाणी किंवा स्प्रिंगचा ताण पुरेसा असतो, कधी चेंजर (तारा ताणणारा आणि सैल करणारा भाग) झिजलेला असतो. विक्रेत्याला शांतपणे दाखवावे आणि तो काय उत्तर देतो ते ऐकावे. जो कारागीर तिथल्या तिथे गुडघे टेकून वाद्याखाली डोके घालतो आणि कारण दाखवतो, त्याच्याकडून वाद्य घेण्यात मला अधिक भरवसा वाटतो.

ट्यूनर वापरताना एका गोष्टीने गोंधळून जाऊ नये. तिसरी आणि सहावी तार, म्हणजे जी शार्प, ई ला षड्ज मानल्यास त्याचा गंधार, बहुधा काट्याच्या मध्यावर नसते. ती १०-१४ सेंटांनी खाली लावलेली सापडते. हा निष्काळजीपणा नाही. समसमान वाटलेल्या सप्तकातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटांनी चढा असतो आणि बहुतेक स्टील वादक कानाने जुळवत तो खाली आणतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही जुळणी लगेच आपलीशी वाटेल. एफ चा स्वर तर त्याहूनही खाली, काही वेळा २० सेंटांच्या पलीकडे लावलेला असतो. म्हणून तार बेसूर आहे असे समजून खुंटीला हात घालू नये. त्यातही उजव्या टोकाकडच्या षट्कोनी किल्लीने फिरवायच्या नायलॉनच्या जुळण्यांना तर मालकाच्या अनुमतीशिवाय मुळीच हात लावू नये. तिथे एक वेढा चुकला की पुढच्या माणसाला ते वाद्य वाजवता येत नाही.

नादाची पारख शेवटी करावी. रिव्हर्ब पूर्ण बंद करायला सांगावे, अॅम्पचे खर्ज-तार मध्यावर आणावेत आणि शक्य असल्यास दोन वाद्ये एकाच अॅम्पला जोडून ऐकावीत. तारा केव्हा बदलल्या हेही विचारावे, कारण मरगळलेल्या तारांवर उत्तम वाद्यही बोलत नाही. तिसरी तार पंधराव्या रेघेच्या वर छेडून तिची आस किती टिकते ते पाहावे. ही तार फक्त ०.०११ इंच जाडीची असते आणि दुबळ्या वाद्याचा दुबळेपणा सर्वात आधी तिथेच उघडा पडतो. मग दहावी तार खाली, पहिल्या-दुसऱ्या रेघेवर वाजवून खर्ज भरीव आहे की नुसता घुमतो हे ऐकावे. सोबत कोणी वाजवणारे असेल तर त्याला बसवून आपण समोर चार पावलांवर उभे राहावे. वाजवणाऱ्याला ऐकू येणारा नाद आणि श्रोत्यापर्यंत पोचणारा नाद यांत बरेच अंतर असते. प्रत्येक वाद्यावर तीच एक छोटी सुरावट त्याच क्रमाने वाजवावी. एका वाद्यावर ठुमरी आणि दुसऱ्यावर भावगीत वाजवले, तर तुलना वाद्यांची न होता गाण्यांची होते.

ज्यांना पेडल नकोच आहेत आणि मांडीवरचीच गिटार हवी आहे, त्यांनी हवाईयन स्टील गिटार असोसिएशनच्या संमेलनांकडे वळावे. ही संस्था १९८५ साली सुरू झाली. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या लाये गावचे, स्टील गिटारचे जनक मानले जाणारे जोसेफ केकुकू यांच्यापासून चालत आलेली ती परंपरा आपल्या हवाईयन गिटारची आजी आहे. तिथे तपासणी सोपी असते: तारांमधले अंतर आपल्या बोटांना मानवते का, बार हलका टेकवल्यावर तार खडखडते का, वाद्य मांडीवर घसरते का. वाद्य सी-सिक्स्थ किंवा ए-सिक्स्थमध्ये लावलेले असेल आणि आपल्याला आपला नेहमीचा मेळ हवा असेल, तर मालकाला विचारून तारा फक्त उतरवाव्यात. चढवण्याच्या भरात तुटलेली तार सगळ्यांचाच विरस करते. लाकडी किंवा धातूच्या अंगाची, विजेविना वाजणारी वाद्ये दालनात ऐकूच येत नाहीत, ती परवानगीने बाहेरच्या मार्गिकेत नेऊन वाजवावीत.

खरेदीचा निर्णय पहिल्या दिवशी घेऊ नये. रात्री टिपणे काढावीत: मांडणी, उतरंडीचे सेंट, उंची, किंमत, आणि आपले गुडघे काय म्हणाले ते. भारतात परतताना वाद्य आणायचा विचार असेल, तर आणखी काही हिशेब आहेत. दुहेरी मानेचे (तारांचे दोन संच असलेले) वाद्य पेटीसह सहज २५ किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे एकेरी मानेचे वाद्य प्रवासाला सोयीचे. तिकडचा अॅम्प ११०-१२० व्होल्टचा असतो, तेव्हा तो आणण्यापेक्षा इथे २३० व्होल्टचा घ्यावा. महाराष्ट्रात पेडल स्टील दुरुस्त करणारा कारागीर शोधून सापडणे कठीण आहे. म्हणून वाद्याखालच्या सळया कोणत्या भोकातून कुठे जातात त्याचा नकाशा, जुळणीची किल्ली, काही जादा स्प्रिंगा आणि तिसऱ्या तारेचे डझनभर जोड कारागिराकडून त्याच वेळी मागून घ्यावेत, आणि वाद्य उलटे करून एकदा त्याच्याकडूनच सळई कशी काढायची व बसवायची ते प्रत्यक्ष करून शिकावे.