पाडव्याआधीची कॅप्शनची वही

आंबा उतरायला लागला की लिहायला फुरसत नसते. सकाळी काढणी, दुपारी प्रतवारी, संध्याकाळी पेट्या भरून गाडी गाठायची, आणि रात्री दहाला आठवतं की आज इन्स्टावर काहीच टाकलं नाही. मग झोपाळल्या डोळ्यांनी सुचेल ते लिहिलं जातं: ‘कोकणचा राजा आला रे आला! अस्सल, रसाळ, नैसर्गिक हापूस. आजच बुक करा!’ हे वाक्य दर दुसऱ्या बागायतदाराच्या पानावर सापडेल. आमच्याही होतं. म्हणून ज्यांच्या पेट्या बागेतून थेट गिऱ्हाइकाच्या घरी जातात, त्यांनी कॅप्शनची तयारी झाडावर मोहोर असतानाच उरकावी.

एक वही घ्या आणि मागच्या हंगामातलं व्हॉट्सॲप उघडा. लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवायचे, आपली भाषा मध्ये आणायची नाही. ‘पेटीत किती येतात?’ ‘पिंपरीला घरपोच का?’ ‘पायरी आहे का?’ ‘एखादा खराब निघाला तर?’ पंधरा-वीस प्रश्न निघतात आणि हंगामभर पुरतात. यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आधीच न दिल्याने आम्हाला महागात पडलं. आम्ही जिथे तिथे ‘कार्बाइडमुक्त’ लिहीत सुटलो होतो, पण पेटी घरी पोचेल तेव्हा आंबा कच्चा असेल, हे कुठेच नव्हतं. पुण्याच्या एका काकूंनी पेटी उघडली, हिरवीगार फळं बघितली आणि खराब होऊ नयेत म्हणून सगळी फ्रिजमध्ये ठेवली. आंबा पिकलाच नाही, नुसता सुरकुतला. काकूंचं काय चुकलं? आम्ही सांगितलंच नव्हतं. आता आमचं हंगामातलं पहिलं कॅप्शन ठरलेलं असतं:

‘पेटी उघडल्यावर आंबा हिरवा दिसला तर घाबरू नका. चौदा आणे तयार, म्हणजे जवळजवळ पूर्ण वाढलेलं फळ काढून पाठवलंय. पेंढ्यातच राहू द्या, वर पोतं नाहीतर वर्तमानपत्र टाका, रोज एकदा बघा. वास घरभर सुटला आणि देठाजवळ बोट किंचित दबलं की खायला घ्या. तोवर फ्रिज नको.’

त्या वर्षापासून ‘कच्चा माल पाठवलात’ हे फोन जवळजवळ थांबले. कार्बाइडचं म्हणाल तर त्याने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा ते वापरत नाही म्हणून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तुमची आढी, म्हणजे पिकवायला पेंढ्यात लावलेली फळांची रास, कशी असते, फळं किती दिवस ठेवता, ते लिहा.

पहिली ओळ वहीत वेगळ्या शाईने लिहा. इन्स्टाग्राम एका कॅप्शनला 2,200 अक्षरं देतं खरं, पण वाचणाऱ्याला आधी दिसतात त्या दोनेक ओळी. बाकीचं ‘अजून’वर बोट ठेवलं तरच. तेव्हा नमस्कार, गावाचं वर्णन, देवीचा आशीर्वाद हे सगळं खाली. वर काय हवं? आज काय निघालं, कुठे चाललंय, कधी पोचेल. ‘काल सकाळी काढलेला आंबा आज गाडीत बसला, शुक्रवारी कोथरूडला.’ एवढं पुरे. कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबून उघडत नाही, हेही ध्यानात असू द्या. ती प्रोफाइलमध्ये ठेवा आणि कॅप्शनमध्ये फोन नंबर लिहा.

मग तराजू काढा. ‘मोठा आंबा’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यात एक आणि तुमच्या पेटीत दुसराच. प्रत्येक प्रतीची दहा फळं वजन करून ग्रॅम लिहून ठेवा, पेटीत किती डझन बसतात ते लिहा आणि भावही उघड लिहा. ‘भावासाठी इनबॉक्स करा’ हा प्रकार मला मनापासून आवडत नाही. माणूस भाव विचारायला लाजतो आणि शेजारच्या पानावर निघून जातो. भाव दर आठवड्याला उतरतो, म्हणून त्याच्यापुढे तारीख हवीच.

‘हापूस’ हा शब्दही तपासून वापरावा लागतो. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची बाग त्यात असेल तर नुसतं ‘अस्सल’ म्हणण्याऐवजी गाव आणि तालुका लिहा. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी झाली असेल तर तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. नसेल तर मानांकनाचं चिन्ह फोटोवर चिकटवू नका.

साक्याबद्दल आधीच लिहून ठेवा, आणि ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा निघतो. ते बाहेरून आम्हालाही कळत नाही. ‘साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालू’ असं आम्ही लिहितो. आमचे सासरे आधी याच्या विरोधात होते, त्यांना वाटायचं आपणच आपल्या मालाला नाव ठेवतोय. पण ज्या दिवशी हे टाकलं, त्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांनीच खाली ‘आम्हाला मिळालेत बदलून’ असं लिहिलं.

फोटो आत्तापासून गोळा करा: मोहोर, कणी, सुपारीएवढी कैरी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलेलं फळ. फोटोत दिसतंय तेच कॅप्शनमध्ये परत सांगू नका. पिवळा आंबा पिवळा आहे हे कळतं. तो वरच्या बागेतल्या कोणत्या झाडाचा, ते कळत नाही. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोलून टाइप होऊ द्या, मग शुद्धलेखन बघा. मराठीतच लिहा, पण शेवटी एक ओळ रोमन लिपीत टाका. बंगळुरूतली मराठी मुलगीसुद्धा शोधताना बहुतेक रोमनमध्येच शोधते.

मुहूर्ताची पेटी आणि अक्षय्य तृतीया यांचे मजकूर आठवडाभर आधी तयार हवेत, आणि त्यात ऑर्डरची शेवटची तारीख हवी. नाहीतर तृतीयेच्या आदल्या रात्री ‘उद्या सकाळी मिळेल ना?’ येतंच.

आणि ‘आंबा संपला’ हे कॅप्शन आजच लिहून ठेवा, मेअखेरीस त्याचं भान राहत नाही. मागे एकदा आमची ‘बुकिंग सुरू’ची पोस्ट वर पिन केलेली तशीच राहिली. जुलैत, बाहेर पाऊस धो धो, आणि फोनवर कोणीतरी विचारतंय, ‘ताई, दोन पेट्या मिळतील का?’