कापसाच्या खोलीत श्रुतिका

श्रुतिका, म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक, बसवायची असेल तर आधी विल्यम कॉनरॅड ऐका. इंग्रजी कळलं नाही तरी चालते. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर १९५२ ते १९६१ त्यानं ‘गनस्मोक’ या काऊबॉय मालिकेतला मार्शल मॅट डिलन नुसत्या आवाजावर उभा केला. १९५५ साली मालिका टीव्हीवर गेली अन् भूमिका जाड्या कॉनरॅडला नाही, उंचपुऱ्या जेम्स आर्नेसला मिळाली. मला याचं आजही वाईट वाटते. रेडिओवरचा डिलन मात्र शेवटपर्यंत कॉनरॅडच. पुढं १९७१ पासून ‘कॅनन’मध्ये त्याच जाड देहानिशी तो टीव्हीचा नायक झाला.

आता आपलं काम. भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेली खोली निवडा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी सापडते. कापूस घुमारा पिऊन टाकते; स्लॅबच्या रिकाम्या खोलीत तोच आवाज डब्यातल्यासारखा येते. पंखा बंद. रेकॉर्डिंगचा मोबाइल तोंडापासून वीतभर, जरासा तिरपा, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना फुंकर बसत नाही.

धमकीचं वाक्य ओरडू नका. आमचे पोट्टे हमखास ओरडतात. आवाज खाली आणा, शेवटच्या शब्दाआधी एक श्वास थांबा. घोड्याच्या टापांना नारळाच्या दोन करवंट्या, माती भरलेल्या घमेल्यात आपटायच्या.