भुरी दोन हात लांबच थांबायची

घरात ‘ये’ म्हटलं की भुरी थेट मांडीत. चौदा महिन्यांची लॅब्राडॉर, खादाड. नाशिकजवळ मखमलाबादला मित्राच्या मळ्यात मोकळी सोडली की मात्र हाकेसरशी यायची, बरोबर दोन हातांवर थांबायची आणि वाकुल्या दाखवल्यासारखी पळून जायची. ओबीडियन्सच्या, म्हणजे आज्ञापालनाच्या स्पर्धेत कुत्र्याने हाकेला येऊन समोर सरळ बसायचं असतं; आमचं घोडं तिथेच अडलेलं.

चूक माझीच. मी ‘ये’ म्हणायचो, पट्टा अडकवायचो आणि थेट गाडीत. तिच्या लेखी ‘ये’ म्हणजे मजा संपली. वर तेच पाच-पाचदा ओरडायचो.

तो शब्दच मोडीत काढला, ‘इकडं’ असा नवा घेतला. 10 मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावली, गळपट्ट्याला नाही, मानेला हिसका बसतो. हाक एकदाच. आली की एका हाताने गळपट्टा धरायचा, दुसऱ्या हाताने उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, तोही माझ्या गुडघ्याला टेकवून. खाऊन झालं की लगेच ‘जा!’ दहातल्या नऊ वेळा पुन्हा मोकळं. खरं औषध हेच.

बक्षीस म्हणून डब्यातली भाजी नको. कांदा आणि द्राक्षं, नाशिकची दोन्ही लाडकी पिकं कुत्र्याला विषारी. मळ्यात गळलेल्या मण्यांवर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो.

तीन आठवड्यांनी दोरी नुसती लोळत ठेवली. परवा टिटवी उडाली, भुरी तिच्यामागे. ‘इकडं!’ जागच्या जागी वळली, आली, गुडघ्याला नाक लावून बसली. बसते अजून तिरकीच.