पक्षांतर आणि खासदारांच्या लाचखोरीवर लिहिताय? या चुका टाळा

खासदार पक्ष बदलतात तेव्हा बातमी घाईची असते, हे मान्य. पण त्या घाईत तीच ती चुकीची वाक्ये वर्षानुवर्षे छापली जातात आणि त्यांचा फायदा नेमका विकल्या गेलेल्या माणसाला होतो. डेस्कवर बातम्यांच्या कॉप्या तपासताना ज्या चुका सारख्या समोर येतात त्या इथे लिहितो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्या सारख्या घातक नाहीत.

‘दोन तृतीयांश फुटले की वाचले’

ही सगळ्यात चिवट चूक. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आला, तेव्हा त्यात फुटीला मुभा होती. संसदीय पक्षातले एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ते अपात्र ठरत नसत. या परिच्छेद ३ चा इतका गैरवापर झाला की २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने तो काढूनच टाकला. आज फुटीला संरक्षण नाही, आकडा कितीही असो. उरले आहे ते परिच्छेद ४ मधले विलीनीकरण. त्यात मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची भाषा आहे आणि त्याला त्या पक्षाच्या सभागृहातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. मूळ पक्ष जागच्या जागी असताना फक्त सभागृहातले दोन तृतीयांश उठून गेले तर काय, यावर खरा वाद आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२२ मध्ये अशा आमदारांच्या बाजूने कौल दिला, पण तेवढ्याने प्रश्न मिटलेला नाही. मग बातमीतही ‘वाद आहे’ असेच यायला हवे.

जून २०१९ मध्ये तेलुगू देसमच्या राज्यसभेतल्या सहापैकी चार खासदारांनी भाजपची वाट धरली. त्या रात्री आमच्या एका नव्या मुलाने कॉपी दिली: ‘तेलुगू देसममध्ये उभी फूट, दोन तृतीयांश आकडा गाठल्याने खासदारकी शाबूत.’ मी विचारले, शाबूत हे कोणी ठरवलं? म्हणाला, ‘सर, प्रवक्त्यांनी सांगितलं.’ कोणत्या पक्षाच्या? तर ज्या पक्षात ते गेले, त्याच्या. परिशिष्ट वाचलंस का, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘सर, पान सुटायची वेळ झालीय.’ मी पान थांबवले. छपाईकडून फोनवर फोन येत होते, येऊ दिले. त्याला खासदारांनी सभापतींना दिलेल्या पत्राचा तपशील शोधायला बसवले. त्या पत्रात दावा फुटीचा नव्हता, भाजपमध्ये विलीन होत असल्याचा होता. फूट म्हटले असते तर चौघांनाही बचाव उरला नसता. पत्र लिहिणाऱ्यांना कायदा ठाऊक होता, बातमी लिहिणाऱ्याला नव्हता. शेवटी मथळा गेला: ‘तेलुगू देसमचे चार खासदार भाजपमध्ये, विलीनीकरणाचा दावा.’

माझ्या खणात दहाव्या परिशिष्टाची छापील प्रत असते. कोणता परिच्छेद कधी बदलला ते वर्ष मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘पाच मुद्द्यांत समजून घ्या’ छापाच्या मजकुरावर मी एक ओळही बेतत नाही. मूळ मजकूर मोजक्या पानांचा आहे. तो वाचायचा कंटाळा असेल तर हा विषय दुसऱ्याला द्यावा.

‘सभागृहात मत दिले, म्हणून लाचेचा खटला नाही’

हे वाक्य अजूनही जुन्या कात्रणांतून उचलले जाते. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्यासाठी पैसे घेतल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९९८ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालय म्हणाले की, पैसे घेऊन मत देणाऱ्यांना अनुच्छेद १०५(२) चे, म्हणजे सभागृहातल्या भाषण-मतासाठी खटला न होण्याचे, संरक्षण आहे, पैसे देणाऱ्यांना नाही. आणि ज्याच्यावर पैसे घेतल्याचा आरोप होता पण ज्याने मतच दिले नाही, त्यालाही नाही. म्हणजे सौदा पाळणारा सुटला. हा निकाल वाचून मला त्या काळी जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

पण ४ मार्च २०२४ रोजी आमदार सीता सोरेन यांच्यावरच्या लाचेच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो निकाल रद्दबातल ठरवला. लाच स्वीकारली तिथेच गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत कुणाला दिले किंवा दिलेच नाही याने फरक पडत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीतल्या मतदानालाही हेच लागू आहे. म्हणून जुना निकाल उद्धृत करण्याआधी तो आज टिकून आहे का, एवढे तरी पाहा.

याच्या उलट टोकाची घाईही तितकीच वाईट. २२ जुलै २००८ ला विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी, मतासाठी लाच मिळाल्याचे सांगत, लोकसभेत नोटांची बंडले फडकली, साऱ्या देशाने पाहिली. तरी २०१३ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने बहुतेक आरोपींना आरोपमुक्त केले. ‘घोडेबाजार’ हा शब्द मथळ्यात टाकण्यापूर्वी गुन्हा नोंदला आहे की नुसता आरोप आहे, हे मी बातमीदाराकडून लिहून घेतो.

बाकीच्या, थोडक्यात

पक्षातून हकालपट्टी झाली म्हणजे खासदारकी जात नाही. सभागृहाने काढले तर जाते, जशी डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेणाऱ्या ११ जणांची गेली.

सरकार टिकायला २७२ च लागतात असे नाही. हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरते. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडले.

व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडल्याबरोबर कोणी अपात्र होत नाही. पक्ष १५ दिवसांत माफ करू शकतो, नाहीतर निर्णय लोकसभेत अध्यक्षांचा, राज्यसभेत सभापतींचा. व्हिप न मोडताही अपात्रता येते: २०१७ मध्ये शरद यादवांची राज्यसभेतली जागा विरोधकांच्या सभेला गेल्यावरून गेली. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र व्हिप नसतोच.

‘राजीनामा दिला, आता अपात्रतेची याचिका संपली’ हेही खोटे. कर्नाटकच्या १७ आमदारांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनाम्याने आधीचे वर्तन पुसले जात नाही. त्याच निकालात, अध्यक्षांना उरलेल्या मुदतीसाठी निवडणूकबंदी घालता येणार नाही, असेही म्हटले आहे. एकच अर्धा उचलणाऱ्या कॉप्या मी परत पाठवतो.